कंठातला बुद्ध

पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा श्रीनिवासमामांनी पहिल्यांदा बाबांच्या यंत्राचं नाव घेतलं.

"दाजी," घाटाच्या पायरीवरच्या पिंडापुढे हात जोडून ते म्हणाले, "यंत्राची काळजी करू नका. ते पुन्हा सुरू होईल. तुमचे विद्यार्थी बघून घेतील सगळं."

पैठणच्या घाटावर कावळ्यांना तोटा नव्हता. दोन पायऱ्या खाली दुसऱ्या घरच्यांनी मांडलेल्या पिंडाचा त्यांनी केव्हाच फडशा पाडला होता. आता ते वरच्या पिंपळावर बसून चोची पुसत होते. इकडे मात्र एकही फिरकत नव्हता. मामांचा शंतनू मुंडन करून, ओल्या धोतरात कुडकुडत, पिंडापासून हातभर अंतरावर बसला होता. मुलगा नाही, म्हणून भाच्याने दहावा करायचा ठरलं होतं. सकाळी गुरुजींनी गोत्र विचारलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग गुरुजींनीच तोडगा काढला. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. जपानातल्या एका कुंभाराच्या घरी जन्मलेला सेइजी ओकुमुरा आज काश्यपगोत्री म्हणून गोदावरीच्या काठावर भाताच्या गोळ्यात येऊन बसला होता.

"मामा, ते नका सांगू त्यांना," सेइजींची मुलगी मनस्विनी म्हणाली.

"काय नको सांगू?"

"यंत्र सुरू होणार नाही. ते सुटं करायला घेतलंय. बाबांना माहीत होतं ते."

"अगं मनू, आपण त्यांच्या समाधानासाठी बोलायलोत."

"असल्यानं त्यांचं समाधान व्हायचं नाही."

 रत्नमालामामींनी पदर सारखा केला आणि झाडाकडे बघत म्हणाल्या, "कावळ्यांशी दाजींचं वाकडंच होतं. पुंडलिकनगरला गॅलरीत बॅडमिंटनची रॅकेट घेऊन उभे राहायचे हाकलायला. आता कुठला यायला तो?"

शंतनूला हसू फुटलं. बापाने डोळे वटारले तसं त्याने ते गिळलं. मनस्विनीलाही क्षणभर बाबा दिसले. जपानात त्यांच्या गावात कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडून रस्ताभर घाण करत, त्याचा राग ते संभाजीनगरच्या कावळ्यांवर काढायचे. आई म्हणायची, अहो, हे इथले आहेत, त्यांनी तुमचं काय केलंय?  आज आई, म्हणजे कालिंदीबाई, एका बाजूला पांढऱ्या साडीत ताठ बसून होत्या. गेल्या दहा दिवसांत त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मनस्विनी वादळामुळे जपानातच अडकली होती. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. राख सावडून झाली होती आणि अस्थी याच नदीत गेल्या होत्या.

एक सोडून. ती मागे ठेवायला मनस्विनीनेच फोनवर सांगितलं होतं. लाल फडक्यात बांधलेला तो स्टीलचा डबा आता तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून इतके दिवस तो गॅलरीच्या गजाला बाहेरून टांगलेला होता. आज पहाटे निघण्याआधी तिने तो पहिल्यांदा उघडून पाहिला होता. तेव्हापासून ती कुणाशी नीट बोलली नव्हती.

"काय राह्यलं असंल मनात, ते बोला की बाई," खालच्या पायरीवरून आवाज आला.

बोलणारी म्हातारी पाचोडची होती. द्वारकाबाई नाव. आपल्या माणसाचा दहावा उरकून ती ओल्या लुगड्याचा पदर पिळत होती. "आमच्यायचा जीव बैलात व्हता. पोरानं, काकासाहेबानं, नुसतं म्हणलं, बैल इकणार नाय, की आला बघा झडप घालून. तुमचं मानूस काय करत व्हतं?"

"शास्त्रज्ञ होते," मामा म्हणाले. "जपानी. सूर्य तयार करायचे."

"सूर्य?" म्हातारीने कपाळावर हात धरून वर पाहिलं. "मंग लई मोठ्ठं काम राह्यलं की वो त्येंचं!"

मामांनी तरी कुठे चूक सांगितलं होतं? सूर्याच्या पोटात जे घडतं ते पृथ्वीवर एका भांड्यात घडवायचं, यात बाबांचा जन्म गेला. त्या उष्णतेला टिकेल असं भांडंच नाही. म्हणून चुंबकांचा पिंजरा करायचा आणि पेटलेला वायू त्यात अधांतरी धरायचा. भिंतीला लागला की तो विझलाच. उन्हाळ्यात लाइट गेली की मामा म्हणायचे, "दाजी, सूर्य राहू द्या, आधी आमच्या फेजचं बघा." बाबा त्यांच्या मोडक्या मराठीत गंभीरपणे उत्तर द्यायचे, "अजून तीस वर्ष." मग सगळ्यांत आधी स्वतःच हसायचे. पंचविशीत या कामाला लागले तेव्हाही तीस वर्षं बाकी होती, निवृत्त होऊन संभाजीनगरला आले तेव्हाही तेवढीच. गेल्या हिवाळ्यात यंत्र कायमचं बंद झालं. त्या दिवशी पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये कोट-टाय घालून ते लॅपटॉपसमोर बसले होते. पडद्यावर शेवटचा जांभळा उजेड आला आणि गेला. त्यांनी वाकून लॅपटॉपला नमस्कार केला आणि दळण आणायला खाली गेले.

"ताई, तू बोल," मामा बहिणीला म्हणाले. "तुझ्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

कालिंदीबाई उठल्या. पिंडाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "मी इथंच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीही इथंच आहात. कुठं जायचं राहिलेलं नाही."

पिंपळावर एक कावळा पंख झटकून पुन्हा बसला. बाकी काही हललं नाही.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांच्यामागे आणखी दोन घरचे लोक थांबले होते. "दर्भाचा कावळा करू का?" त्यांनी सौम्यपणे विचारलं. "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा शिवला तरी चालतं."

"थांबा गुरुजी, एक राहिलं." मामा पुढे झाले.  "मनू, तो डबा काढ."

"मामा…"

"काढ गं." तिने काढला नाही, तेव्हा त्यांनीच पिशवीवर हात ठेवला आणि पिंडाकडे वळले. "दाजी, तुमच्या आईनं एक हाड मागितलंय. ते मनू स्वतः घेऊन जाईल, त्यांच्या हातात देईल. तुमच्या वडिलांशेजारी ठेवतील. श्रीनिवासचा शब्द आहे."

आणि कावळा आला.

नुसता आला नाही. सरळ खाली उतरला, भाताचा मोठा घास तोडला आणि उडून गेला. त्याच्यामागे आणखी तीन आले. शंतनूने डोळे मिटले. मामी रडू लागल्या. खालून द्वारकाबाई म्हणाली, "घ्या! आईतच जीव व्हता की लेकराचा!" मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते हसत होते की रडत होते ते कळेना.

मनस्विनीने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. कुणाला काही न सांगता ती घाटाच्या टोकाकडे, जिथे होड्या बांधतात तिकडे, चालायला लागली.

*

ते हाड कोणतं, हे या घाटावर दोघींनाच माहीत होतं.

बारा वर्षांपूर्वी जपानातले आजोबा गेले, तेव्हा दहनानंतर नातेवाईक त्या गरम ओट्याभोवती उभे राहिले होते. तिथे हाडं हाताने वेचत नाहीत. दोघांनी आपापल्या लाकडी काड्यांनी मिळून एकच हाड उचलायचं आणि कलशात ठेवायचं. मनस्विनीच्या जोडीला आई होती. आधी पायाची, मग वरची, म्हणजे कलशात माणूस डोक्यावर उभा राहत नाही. सगळ्यात शेवटी मानेतला एक छोटा मणका. फुमिआजीने तो तळहातावर घेऊन दाखवला होता. मांडी घालून, हात जुळवून बसलेली आकृती. याला कंठातला बुद्ध म्हणतात, आजी म्हणाली. आई तो जवळ वाकून बघत राहिली होती. लग्नाआधी अजिंठ्यात जपानी प्रवाशांना हजारो वेळा बुद्ध दाखवलेली बाई. तिथेच तिला बाबा भेटले होते. गुजरातेतली कसलीशी परिषद संपवून आलेला एक तरुण चित्रांकडे न बघता विचारत होता, इतक्या आत उजेड कसा नेला असेल?

आता फुमिआजी चौऱ्याण्णवची आहे. मुलगा गेल्याचं कळलं तेव्हा तिने एवढंच मागितलं, बाकी सगळं तुमच्या नदीला द्या, तेवढं एक मला द्या.

"आई," मनस्विनी मागून येऊन म्हणाली. "डब्यात ते नाहीये."

"माहीत आहे."

"मी सकाळी पाहिलं. ते बरगडीचं काहीतरी आहे. मला वाटलं, जळून गेलं असेल. लाकडाच्या आगीत राहत नसेल. शंतनूने मला वाईट वाटू नये म्हणून दुसरं ठेवलं असेल."

"शंतनूला काय कळतंय त्यातलं." कालिंदीबाई पाण्याकडे बघत होत्या. "सावडायला मी गेले होते. बायका जात नाहीत म्हणून श्रीनिवास अडवायला लागला. मी म्हटलं, ते हाड तुमच्यापैकी कोण ओळखणार आहे?"

"मग? मिळालं नाही?"

"मिळालं. अखंड. राखेत हात घातला आणि पहिल्यांदा तेच लागलं."

मनस्विनीने पिशवीतल्या डब्यावर हात ठेवला.

"मुठीत धरून इथपर्यंत आणलं," आई म्हणाली. "होडीतून मध्ये गेलो. शंतनूने मडकं उपडं केलं. मी मूठ उघडली."

पायरीवर पाण्याने आणलेला झेंडूचा चिखल साचला होता. मनस्विनी त्यातच बसली.

"आजी वाट बघतेय आई."

"बघू दे. मीही बघितली." आईचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू तिसरीत होतीस. तुला काय आठवतंय?"

तिला आठवत होतं. बाबांचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता. तशा यंत्रात कुणी गाठलं नव्हतं इतकं तापमान त्यांच्या गटाने गाठलं होतं. मामांनी ते कात्रण मागवून, लॅमिनेट करून बैठकीत लावलं. पुढे दोन महिन्यांनी बाबांना स्वतःची चूक सापडली. तापमान मोजतात ते प्रकाशावरून. तो प्रकाश ज्या काचेतून बाहेर येतो तिच्यावर आतून पुट चढलं होतं आणि बाबांनी त्याचा हिशेब उलटा धरला होता. विक्रम झालाच नव्हता. ते दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. संचालक म्हणाले, पुढच्या लेखात हळूच दुरुस्त करू. बाबा एका रविवारी आजीकडे जाऊन आले आणि सोमवारी पत्रकारांना बोलावून आकडा मागे घेतला.

नोकरीवरून त्यांना काढलं नाही, फक्त पुन्हा यंत्राजवळ जाऊ दिलं नाही. त्यांना गावकऱ्यांना समजावायचं काम दिलं. त्यात भूकंपाचं आणि अणुभट्टीच्या अपघाताचं वर्ष आलं. लोकांना 'अणू' शब्दाचीच धास्ती बसली. ही भट्टी तशी नाही, हे सांगत बाबा संध्याकाळी गावोगावच्या सभागृहांत गुडघे टेकून बसले. घरोघर फिरले. कुणी चहा दिला, कुणी तोंडावर दार लावलं. बरोबरचे लोक प्राध्यापक झाले, परदेशात व्याख्यानं देऊ लागले. इकडे मामांच्या बैठकीतलं कात्रण तसंच राहिलं. ते काढा असं बाबा कधी म्हणाले नाहीत. त्या घरी गेले की त्याच्याकडे पाठ करून बसायचे, एवढंच.

"तडा गेलेलं भांडं कुंभार विकत नाही," आई म्हणाली. "त्या रविवारी तुझी आजी एवढंच बोलली. तिचं काय गेलं? ती भांडी फोडून दुसरी करत होती. मी त्या गावात भाजी आणायला गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. परकी बायको केली म्हणून डोकं फिरलं, म्हणायच्या. मला कळत नाही असं वाटायचं त्यांना."

"आजीने सांगितलं नसतं तरी बाबांनी तेच केलं असतं."

"केलं असतं. पण तिनं सांगितलं." आईने पायाने झेंडूचा चिखल बाजूला सारला. "तिचं ऐकलं, यंत्राचं ऐकलं, त्या गावातल्या प्रत्येक दारातल्या माणसाचं ऐकलं. शेवटची सहा वर्षं माझ्या वाट्याला आली, तीही निम्मी लॅपटॉपसमोर. मला ते एकदा तरी सगळेच्या सगळे हवे होते. त्यातला घास काढून तिकडे पाठवायचा नव्हता."

"म्हणून खोटं हाड ठेवलंस."

"त्यांचंच आहे. खोटं कसं?"

 वर मामा गुरुजींना निरोप देत होते. त्यांचा मोकळा झालेला आवाज इथवर येत होता.

"आणि कावळा?" तिने विचारलं.

"मी मानत नाही."

"बाबाही मानत नव्हते. एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही म्हणायचे."

"हो," आई म्हणाली. "पण आला ना. माझ्या बोलण्याला आला नाही." तिने पहिल्यांदा लेकीकडे पाहिलं. "तू काही बोलू नकोस. तो डबा घेऊन जा. तिच्या डोळ्यांना आता दिसतं तरी किती?"

"ती बोटांनी ओळखेल."

"मग म्हणावं, आगीत जळून गेलं. ते खरं वाटेल."

"तू बाबांना असं सांगितलं असतंस?"

"त्यांचं नाव घेऊन मला विचारू नकोस," कालिंदीबाई म्हणाल्या. "ते गेलेत. मी आहे."

*

फोन वाजला तेव्हा सगळे गाडीपाशी आले होते. विधी झाल्यावर जपानातून फोन येईल हे ठरलेलंच होतं. पलीकडून आत्याने दोन शब्द बोलून फोन आजीला दिला. मामा, मामी, शंतनू, तिघेही मनस्विनीभोवती दाटीवाटीने उभे राहिले. बोलणं जपानीत, त्यांना यातलं अक्षर कळणार नव्हतं. आई गाडीचं दार धरून जरा पलीकडे थांबली.

"सगळं नीट झालं का?" आजीचा आवाज कोरड्या पानासारखा होता.

"झालं आजी."

"सांग त्यांना," मामा घाईघाईने म्हणाले, "म्हणावं, तुमच्या नावानं कावळा शिवला. शब्दच पडला आणि आला. सांग, सांग."

"आणि ते मिळालं का?" आजीने विचारलं.

मनस्विनीने डोळे उचलले. गाडीच्या टपावरून आई तिच्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, काही खूण केली नाही. नुसती बघत होती. जळून गेलं, हे दोन शब्दांचं काम होतं. आजी रडली असती आणि तिने बरगडीचा तुकडा कलशात ठेवला असता. पुढे मनस्विनी दरवर्षी त्या थडग्यावर पाणी घालायला गेली असती.

"मिळालं होतं," ती जपानीत म्हणाली. "अखंड मिळालं होतं. आईने ते नदीत सोडलं. माझ्याकडे दुसरा एक तुकडा आहे, बरगडीचा. तेवढाच आहे."

मामींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, ती कावळ्याचं सांगतेय.

 फोनमध्ये मागे कुठेतरी चहाची किटली शिटी वाजवत होती, ती कुणीतरी बंद केली.

"मग तो मला आता भेटायचा नाही," आजी म्हणाली. विचारत नव्हती.

"नाही."

"जे आहे ते आण. काय आहे ते मला सांगितलंस, बरं केलंस." मग, "ती अजून माझ्यावर रागावली आहे का?"

मनस्विनीने फोन कानापासून काढला आणि गाडीच्या टपावरून आईपुढे धरला. आई मागे सरली.

"घे ना ताई," मामा म्हणाले. "आई आहे त्यांची. दोन शब्द बोल. चांगली बातमी आहे."

फोनमधून बारीक हाक येत होती. कालिंदीबाईंनी हात पुसला, फोन घेतला. आणि सवयीने, पलीकडे कुणी दिसत नसताना, कमरेतून किंचित वाकल्या.

"आई, मी कालिंदी," त्या जपानीत म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटले. "हो. राग आहे. अजून आहे."

पलीकडून काय आलं ते मनस्विनीला ऐकू आलं नाही. शंतनूने गाडी सुरू केली, मामांनी त्याला हातानेच बंद करायला सांगितलं.  आईच्या हनुवटीवरून पाणी गळायला लागलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. पण तिने फोन ठेवला नाही.